पटावरची विसावी

"एकोणीस हिरवी, एक लाल," असं म्हणून सुजीत सरांनी खुर्ची मागे ढकलली आणि छताकडे बघत बसले. जसं काही विसावं पोर पंख्यावरून खाली उतरणार होतं.

"लाल कोण?" मी विचारलं.

"उन्नती."

मी खिडकीतून पाहिलं. उन्नती समोरच्या नळावर बाटली भरत होती. तिने झाकण लावलं, ओढणीला हात पुसले आणि वर्गात गेली. चांगली हाडामांसाची पोर.

"अहो, ही काय आत्ता नळावर होती!"

"मला दिसते हो, चंद्रकांताबाई. पोर्टलला दिसत नाही. त्याला मी काय करू?"

सुजीत सर आमचे मुख्याध्यापक. माणूस भला, पण संकट आलं की छताकडे बघायची सवय. मी या शाळेची कारकून. एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात पाच मुख्याध्यापक आले, त्यांतले चार गेले, रजिस्टर मात्र माझ्याच हातात राहिलं.

घोडं कुठे अडलं होतं ते सांगते. नववीचा वर्ग टिकायचा तर तीस सप्टेंबरला पटावर वीस मुलं लागतात. नुसती बाकावर बसलेली चालत नाहीत. आधार कार्ड जुळून संगणकावर नावापुढे हिरवी खूण यावी लागते. एक जरी कमी पडलं तरी वर्ग गेला, शिक्षक दुसरीकडे, मुलं बोईसरला. कागदावर हे सोपं दिसतं, बोईसर काही विलायत नाही. पण दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावची नववी अशीच गेली, तेव्हा तिथल्या अकरा मुलींपैकी बोईसरच्या शाळेत पोचल्या तीन. बाकीच्या आठ कुठे गेल्या हे कुठल्या पोर्टलने विचारलं नाही. मी विचारलं. दोघी बंदरावरच्या शेडमध्ये कोळंबी सोलतात, एकीचं लग्न झालं. पुढचं विचारायचं मी बंद केलं.

मी लागले तेव्हा आमच्याकडे नववीच्या दोन तुकड्या होत्या. रजिस्टर भरताना डोकं लागायचं नाही. निम्मी मुलं आमच्या कोळीवाड्यातली, निम्मी आतल्या पाड्यांवरची, जन्मस्थळ लिहून लिहून हात आपोआप चालायचा. आता बोईसरच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस थेट कोळीवाड्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात, आणि ज्याला जमतं त्याचं पोर टाय लावून त्यात चढतं. आमच्याकडे उरली कोळीवाड्यातली चार, पाड्यांवरची पाच आणि कारखान्यांच्या चाळींतली अकरा. कुणी सरावलीहून येतं, कुणी कुंभवलीहून. कंपनीतल्या झुंबरभाऊंचा विक्रम बीडचा, वर्षाराणी जालन्याची. जन्मस्थळाच्या रकान्यात मी हल्ली अख्खा मराठवाडा लिहिते. गुणी मुलं आहेत, पण बापाची कंपनी बंद झाली की दाखला मागायला येतात. जूनमध्ये सव्वीस होती, गणपती उठले तेव्हा वीस.

आणि त्या विसातली एक लाल. पंधरा वर्षं झाली की बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. उन्नती दोनदा बोईसरच्या आधार केंद्रात जाऊन आली, यंत्राने दोन्ही वेळा तिची बोटं नाकारली. पोर सहावीपासून शाळेच्या आधी आईबरोबर कोळंबी सोलते. बर्फातला माल, डोक्याचा काटा, सालांचं खारट पाणी, यात बोटांच्या रेषाच झिजून गेलेल्या. डोळ्यांच्या यंत्रावर काम भागलं असतं, तर ते दुरुस्तीला गेलेलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

केंद्रातल्या बबलूने उपाय सांगितला होता, "पंद्रह दिन हाथ सूखा रखो. नारियल तेल लगाओ. बरफ में हाथ नहीं डालना." उन्नतीने तो मला हसत हसत सांगितला. तिला ती चेष्टाच वाटली होती.

त्या दिवशी सप्टेंबरची आठ तारीख होती. शाळा सुटल्यावर मी घरी न जाता तडक लाडकीकडे गेले. लाडकी म्हणजे उन्नतीची आई, आमच्याच आळीतली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण तोंडाने माझी आजी. ओट्यावर टोपल्या धूत बसली होती.

"लाडके, पोरीचे हात पंधरा दीस कोरडे ठेवायला पायजेत."

"का गं? लगीन हाय तिचं? हळद लावायची?"

मी तिला सगळं सांगितलं. वीस मुलं, तीस तारीख, लाल खूण. तिने ऐकून घेतलं, पण हात थांबवला नाही.

"आता? नारळी पुनव झाली, बोटी लागल्या, शेडमदी कोळंबी मावत नाय, नि आता पोरीला घरी बसवू? आमी दोगी एका पाटावर बसतो, बाय. एक उठली तर मुकादम दुसरी बसवंल. मंग ती जागा परत गावायची नाय."

"अगं, वर्ग जाईल. तिची दहावी राहील."

"ते तू बघ. कारकून तू हायस." तिने टोपली आपटून उपडी घातली. "नि तुजा मेहुल कुठल्या शाळेत शिकला गं? पिवळ्या बसमदी तूच चढवायचीस ना त्याला? आमची पोरं पट भरायला, नि तुजा टाय घालायला!"

जळ्ळं मेलं तोंड! खोटं बोलली असती तर तिथेच झिंज्या उपटल्या असत्या. पण खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मेहुलला मी पाचवीपासून बोईसरला घातला. रोज सकाळी त्याला बसमध्ये बसवायचं आणि अकरा वाजता येऊन दुसऱ्यांच्या मुलांची नावं रजिस्टरात लिहायची. एका मुलाने असा काय पट पडतोय, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं. आळीतल्या प्रत्येकीने तेच म्हटलं असणार.

त्या झोंबण्यातच मी बोलून गेले, "तिच्या जागेवर मी बसते. मंग तर झालं?"

लाडकी आधी हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. "तू सोलशील?"

"माज्या आईने जन्मभर सोलली."

"आईने सोलली. तू पावडर लावून हापिसात बसलीस."

हेही खरंच. आईने मला कधी टोपलीला हात लावू दिला नाही. जवळ गेले की कोपराने ढकलायची. हाताला शाई लागली तर लागू दे, हा वास नको लागायला, म्हणायची. ती गेली त्याला बारा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिचंच जुनं लुगडं नेसून शेडवर गेले.

लाज वाटली, खोटं कशाला सांगू. शेडमध्ये तीस-चाळीस बायका, मी गेल्याबरोबर सगळ्यांच्या माना वळल्या. "आली गं हापिसातली बाय! रजिस्टर आणलंस का?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "हिला पेन द्या रं कुणीतरी, पेनाने सोलंल." त्यांतल्या निम्म्या जणींचे शाळा सोडल्याचे दाखले मी माझ्या हाताने लिहिलेले. दाखल्यावर कारण काय लिहिलं होतं, तर 'पालकांच्या विनंतीवरून'. बावीस-पंचवीस वर्षांचे माझ्या अक्षरातले दाखले घेऊन त्या बायका तिथे पाटावर बसल्या होत्या, आणि हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंही नव्हतं.

पहिल्या दिवशी लाडकीच्या चार टोपल्या झाल्या तेव्हा माझी एक झाली. मुकादम येऊन बघून गेला. लाडकीने गुपचूप आपल्या ढिगातली कोळंबी माझ्या ढिगात सरकवली. तेवढ्यासाठी तिचे सगळे टोमणे मी माफ केले. चौथ्या दिवशी बोटं अशी चरचरायला लागली की भाताचा घास घेववेना. तेव्हा तिने तुरटीचा खडा दिला. "घरी गेलीस की पाण्यात भिजवून लाव. कातडं घट्ट होतं, नि वासबी जातो." शेडवर सगळ्याच लावतात.

साडेनऊला उठायचं, घरी येऊन साबणाने दोनदा अंघोळ करायची आणि अकराला शाळा गाठायची. तरी वास जायचा नाही. एक दिवस आमच्या उत्कर्षा मॅडमनी खुर्ची खिडकीकडे ओढली आणि हसून म्हणाल्या, "चंद्रकांताबाई, अत्तर बदललंत वाटतं?" मी म्हटलं, "हो, आईचं आहे." बिचारीला कळलं नाही.

उन्नती मात्र कासावीस झाली होती. मी तिला खोबरेल तेलाची छोटी बाटली दिली होती, मधल्या सुटीत ती ऑफिसच्या पायरीवर बसून बोटांना तेल चोळायची. "मॅडम, हात रिकामे असले की कसंतरी होतं," म्हणाली. "सकाळी जाग येते, नि काय करू समजत नाय."

"अभ्यास कर."

"तो तर केला."

भूमितीच्या चाचणीत त्या आठवड्यात तिला पंचवीसपैकी तेवीस मिळाले. पेपर दाखवायला ऑफिसात आली आणि दाखवून झाल्यावरही दारात उभी राहिली. मग म्हणाली, "पहिल्यांदाच झोप पुरी झाली होती." मी उगीच स्टेपलरच्या पिना मोजत बसले.

पंचवीस तारखेला रजा टाकून आम्ही तिघी बोईसरला गेलो. केंद्रात रांग होती. आमचा नंबर आला तसा बबलूने उन्नतीचा अंगठा काचेवर ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. दुसरं बोट ठेवलं, तिसरं ठेवलं, सगळी लाल. बबलूने तिचा हात उलटा करून उजेडात धरला.

"क्या लगाया है इसको?"

मी हात बघितला. काल दुपारपर्यंत मऊ पडलेली बोटं आज चुण्या पडून आक्रसली होती, टोकं पांढरी झाली होती. मला एका क्षणात कळलं. मी लाडकीकडे वळले. "तुरटी लावलीस?"

लाडकीने पोरीचा हात पदराखाली घेतला.

"अगं, पंधरा दिवस मी तिथे बसून बोटांची सालटी काढून घेतली, ती काय गंमत म्हणून? कुणी सांगितलं होतं तुला तुरटी चोळायला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" सगळी रांग माझ्याकडे बघत होती, पण माझं तोंड थांबेना.

"वास यायचा," लाडकी खाली मान घालून म्हणाली. "माज्या हाताचा वास तिच्या कपड्यांना लागतो. मागल्या टायमाला इथे एकाने नाक धरलं. पोरगी घरी येऊन रडली. म्हणून सकाळी लिंबू चोळलं, नि मंग तुरटी. चांगलं केलं समजून केलं, बाय."

माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला. एकतीस वर्षं मी टेबलाच्या खणात चंदनी साबण ठेवत आले, तो कशासाठी? मी लाडकीला खुर्चीवर बसवलं आणि बबलूला म्हटलं, "भैया, कुछ करो. तीस तारीख है."

आता सांगण्यासारखी गोष्ट अशी, की परक्या मुलखातल्या त्या पोराने रांगेतल्या लोकांना अर्धा तास थांबा म्हणून सांगितलं. समोरच्या चहाच्या टपरीवरून त्याने कोमट पाण्याचं पातेलं मागवलं, उन्नतीचे हात त्यात बुडवून ठेवले, मग पुसून तेल लावलं आणि ते पुन्हा पुसलं. रांगेत कुणी कुरकुरलं तेव्हा म्हणाला, "मेरी माँ के भी नहीं आते. बीड़ी बनाती है." मग एकेक बोट स्वतःच्या दोन बोटांत धरून काचेवर दाबलं. पहिल्यांदा नाही, सहाव्या की सातव्या वेळी अंगठा आला. मग तर्जनी आली. दुपारी दोन वाजता त्याने पावती हातात दिली, तेव्हा लाडकी त्याच्या पायाच पडायला निघाली होती. तो टेबलामागे पळाला.

तीस तारखेला सुजीत सरांनी सकाळपासून संगणक सोडला नाही. दर दहा मिनिटांनी बटण दाबायचे आणि छताकडे बघायचे. बाराला लाल, दोनला लाल. चारला नेटच गेलं. साडेचारला ते आलं आणि सर असे ओरडले की आठवीची मुलं वर्गातून बाहेर आली.

"हिरवी! बाई, हिरवी! वीस!"

मी खुर्चीतच बसून राहिले. सरांनी पेढे मागवले, सगळ्यांना वाटले, उन्नतीला दोन दिले. तिला कशाबद्दल ते नीट कळलंही नसावं. पोर रोज शाळेत येत होतीच की. आज ती आली असं सरकारला कळलं, एवढंच.

पाच वाजता घरी निघताना मी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा ठेवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' मला नवल वाटलं नाही. कामाचे गेले सहा दिवस हेच चाललं होतं. सर म्हणाले होते, राहू द्या, मी नोंद करतो, आणि पटाच्या काळजीत नोंद करायला विसरले.

एक ऑक्टोबरला वरून ई-मेल आला. नववीच्या वर्गाबद्दल चकार शब्द नाही. 'सदर कर्मचारी सप्टेंबर महिन्यात सहा दिवस विनापरवानगी गैरहजर आढळून आल्या आहेत. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'

"लिहून टाका मशीन बिघडलं होतं," सर ओशाळून म्हणाले. "मी सही करतो."

"मशीन बिघडलं नव्हतं, सर."

"मग काय लिहिणार? कोळंबी सोलत होते म्हणून?"

मी कोरा कागद पुढे घेऊन बसले होते, तेवढ्यात उन्नती ऑफिसच्या दारात आली. शाळेत ती मला मॅडम म्हणते. त्या दिवशी आळीतल्यासारखी म्हणाली, "चंदाबाय, हे तुमचं," आणि तेलाची बाटली टेबलावर ठेवली. बाटली अर्धी भरलेली होती.

"अगं, तुझ्यासाठीच होती. लावत जा रोज."

"आता नको. काम झालं ना." ती अगदी सहज बोलत होती. "उद्यापासनं मी बसणार हाय पाटावर. आई बोलली, चंदाबायला आता सोडव, तिची बोटं बघ कशी झालीत."

"मी येते अजून. महिनाभर येईन. तू अभ्यास कर."

"नि मंग?"

मे महिन्यात मी निवृत्त होणार. रोज सकाळी सहाला शेडवर जायचं माझं वय नाही, आणि खरं सांगायचं तर हिंमतही उरली नव्हती. पटावर वीस भरले, वर्ग वाचला, माझं डोकं तिथपर्यंतच धावलं होतं. हिरवी खूण झाल्यावर त्या बोटांचं पुढे काय, हे ना पोर्टलने विचारलं होतं ना मी.

उन्नतीने माझा उजवा अंगठा हातात घेतला आणि बबलूने तिचा बघितला होता तसा उजेडात धरून बघितला. "रोज लावा. पंधरा दीस पाण्यात घालू नका," ती मला बजावून म्हणाली. घंटा झाली तशी पळत वर्गात गेली.

पलीकडे नववीची हजेरी सुरू झाली. मी कागदावर लिहिलं, 'मी सहाही दिवस हजर होते. त्या काळात सकाळी कोळंबी सोलत असल्याने अंगठ्याचा ठसा उमटला नाही.' सही केली. सरांना आवडणार नव्हतं, न आवडू दे.

भिंतीपलीकडून विसावं नाव ऐकू आलं, आणि लगेच तिचा आवाज, "हजर, सर."

उद्या सकाळी सहाला ती शेडवरही हजर असणार होती. मी बाटलीचं झाकण काढलं आणि अंगठ्याला तेल लावलं.